कोयता, हमीचे काम आणि कोरडवाहू शेती
बीड जिल्ह्यातील अल्पभूधारकांचा पाऊणशे वर्षांचा इतिहास

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत दरवर्षी कुळांचा वृत्तान्त, गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली आणि दिवंगतांस श्रद्धांजली यांना मानाचे स्थान मिळते, व ते योग्यच होय. परंतु ज्या भूमीवर आपली बहुतेक घराणी वाढली त्या भूमीचा, आणि आजही तेथेच राबणाऱ्या आपल्या बांधवांच्या पोटापाण्याचा इतिहास या पानांतून क्वचितच लिहिला जातो. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर येथे नोकरीधंद्यानिमित्त स्थिरावली आहेत. त्यांतील अनेकांचा एखादा भाऊ, एखादा चुलता मात्र बीड जिल्ह्यात चारपाच एकरांचा तुकडा कसतो, आणि दसरा उलटला की बायकोसह कोयता घेऊन ऊसतोडीला निघतो. एकाच आडनावाची ही दोन जगे आहेत. त्यांच्यातील अंतर कसे पडले व ते कसे कमी होईल, याचा विचार करण्याच्या हेतूने हा लेख आम्ही लिहीत आहो.

स्वातंत्र्यानंतर दारिद्र्यनिवारणासाठी सरकारने जे उपाय योजिले, त्यांनी लहान शेतकऱ्याच्या शेताचे उत्पन्न वाढले काय, हा आमचा प्रश्न आहे. आमचे उत्तर थोडक्यात असे की, प्रथम जमीन, मग मजुरी आणि त्यानंतर पाणी अशा क्रमाने सरकारी साहाय्य आले. प्रत्येकाने काही ना काही हित केले. मात्र शेतकऱ्यास पैसा कोणत्या महिन्यात लागतो व तो कोणाकडून मिळतो, या एका बाबीकडे दुर्लक्ष झाले, आणि तेवढ्याच फटीतून मुकादम घरात शिरला.

भूमी आणि पाऊस

बीड जिल्ह्याचे स्वभावतः दोन भाग पडतात. उत्तरेस गोदावरीच्या काठची गंगथडी. गेवराई, माजलगाव व परळी या तालुक्यांतील हा पट्टा काळ्या, खोल जमिनीचा आहे. दुसरा भाग बालाघाटाच्या डोंगरपठाराचा. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर या बाजूंची जमीन पुष्कळ ठिकाणी हलकी, मुरमाड व उताराची. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने पाऊस सरासरीने साडेसहाशे ते सातशे मिलिमीटरांच्या घरात पडतो, पण तो मोजक्या दिवसांत कोसळतो आणि मध्ये मोठी उघडीप देतो. यास्तव येथे वर्षभरातील पावसाच्या बेरजेपेक्षा पडलेले पाणी शिवारात किती थांबले, यावर पीक अवलंबून असते.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांस ठाऊक होती. बीड शहराजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकात अहमदनगरच्या निजामशाहीतील सलाबतखान याने बांधविली, व तिचे पाणी भुयारी मार्गाने शेतांस पोहोचविले. दारिद्र्यनिवारण हा शब्द जन्मण्यापूर्वी कित्येक शतके, जमिनीत पाणी मुरले तर घरात धान्य येते, हा धडा या एका विहिरीने गिरवून ठेविला होता.

जमीन : कूळकायद्याचा काळ

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानात निजामाची राजवट संपली. १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० साली हैदराबादचा कूळ व शेतजमीन कायदा अमलात आला. या कायद्याने दीर्घकाळ जमीन कसणाऱ्यास ‘संरक्षित कूळ’ ही संज्ञा दिली, खंडास मर्यादा घातली व जमीन विकत घेण्याचा मार्ग मोकळा केला. कागदावर हा कायदा त्या काळी देशातील पुढारलेल्या कायद्यांत गणला जाई.

परंतु कागद आणि शिवार यांत अंतर होते. अर्थशास्त्रज्ञ अ. म. खुस्रो यांनी हैदराबाद राज्यातील जमीनसुधारणांची पाहणी केली. तीत असे दिसून आले की, पहिल्या चारपाच वर्षांतच संरक्षित कुळांपैकी मोठ्या संख्येने जमिनी सोडल्या होत्या. काहींना बेकायदा हुसकावून लावण्यात आले, तर काहींनी ‘स्वेच्छेने’ राजीनामे दिले. ही स्वेच्छा कशी असे, हे खेड्यात वाढलेल्या वाचकांस सांगावयास नको. धान्यासाठी व लग्नकार्यासाठी ज्याच्या दारात जावयाचे, त्याच्याच विरुद्ध तहसिलीत उभे राहण्याचे बळ थोड्यांच्याच अंगी होते.

तरीही या कायद्याने पुष्कळ घराण्यांच्या नावावर प्रथमच सातबारा चढला, ही गोष्ट लहान नव्हे. आपल्या ज्ञातीतील ज्या कुटुंबांनी त्या काळी जमीन राखली, त्यांच्याच मुलांनी पुढे शाळा पाहिली. उणीव राहिली ती भांडवलाची. १९५१–५२ साली झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत असे आढळले की, शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून मिळणारे कर्ज अवघे ३ टक्क्यांच्या आसपास होते, आणि सावकारांचा वाटा दोनतृतीयांशाहून अधिक होता. जमीन मिळाली, पण बैल, बी आणि विहीर यांसाठीचा पैसा सावकाराच्याच पेटीत राहिला.

त्यात वाटण्या होत गेल्या. महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १९७०–७१ साली ४.२८ हेक्टर होते. ते २०१५–१६ च्या कृषिगणनेत १.३४ हेक्टरांवर आले. आजोबांचा दहा एकरांचा मळा नातवांच्या हाती दोन-अडीच एकर कोरडवाहू होऊन आला. अशा तुकड्यावर एका पावसाची हुलकावणी म्हणजे वर्षाची उपासमार होय.

मजुरी : बाहत्तरचा दुष्काळ आणि हमीचा कायदा

१९७२ च्या दुष्काळाची आठवण काढली की आजही वृद्ध मंडळींचा स्वर बदलतो. आधीची दोन वर्षेही पाऊस कमीच होता, आणि त्या वर्षी तर त्याने पाठच फिरविली. विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने गेली. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी लोकांनी खाल्ली, कामांवर सुकडी वाटली गेली, आणि ज्यांनी कधी परक्याच्या बांधावर पाऊल ठेविले नव्हते अशा घरंदाज शेतकऱ्यांनी व त्यांच्या बायकांनी खडी फोडली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर सुमारे ५० लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. एवढ्या मोठ्या अवर्षणात भूकबळींचे थैमान झाले नाही, याचे श्रेय या कामांकडे जाते.

या अनुभवातूनच रोजगार हमी योजना दृढ झाली. तिचे मूळ थोडे आधीचे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे तिचा पहिला प्रयोग झाला होता. १९७२ साली ती राज्यास लागू झाली, १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील जो प्रौढ इसम अंगमेहनतीचे काम मागेल त्यास पंधरा दिवसांच्या आत काम द्यावयाचे, न दिल्यास बेकारभत्ता द्यावयाचा, असे वचन कायद्याने देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. २००५ साली केंद्र सरकारने ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवसांच्या रोजगाराची हमी देणारा जो कायदा केला, त्यास हाच आदर्श होता.

या योजनेच्या खर्चाची व्यवस्था आमच्या नोकरदार बांधवांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. वेतनातून कापला जाणारा व्यवसायकर १९७५ साली बसविण्यात आला तो याच कामासाठी, आणि करांतून येईल तितकीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालावयाची असा नियम होता. म्हणजे मुंबईतील कारकुनाचा व कारखान्यातील कामगाराचा काही पैसा पाटोद्याच्या माळरानावरील मजुराच्या हाती पडत होता. शहराने खेड्याचे देणे अशा रीतीने फेडल्याचे उदाहरण आपल्या इतिहासात विरळाच होय.

हमीच्या कामांनी केलेले हित आम्ही कमी लेखीत नाही. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने, स्वतःच्या नावे मजुरी मिळू लागली. गावात दुसरे काम उपलब्ध झाल्याने शेतमजुरीचे दर वाढले. लहान शेतकरी हा स्वतःच वर्षातील काही दिवस मजूर असल्याने तो या वाढीचा लाभार्थीच ठरला. उन्हाळ्यात चूल पेटती राहिल्यामुळे बैल व बियाणे विकण्याची पाळी टळली, आणि ज्याचा बैल दावणीला शिल्लक राहिला त्याची पेरणी वेळेवर झाली. दारिद्र्यनिवारण व शेतीचे उत्पादन यांचा संबंध असा आडवाटेने, पण निश्चित जुळतो.

उणीव मात्र कामांच्या जागेत होती. एक काम काढावयाचे तर किमान ५० मजूर पाहिजेत असा दंडक होता. तो रस्ते व पाझर तलाव यांना सोयीचा होता. एकट्या शेतकऱ्याच्या तीन एकरांवर असे काम बसणे कठीण. पाझर तलाव झाला की त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी उतरते. खालच्या अंगाची चांगली जमीन बहुधा मोठ्या खातेदाराची, आणि वर उतारावरची मुरमाड जमीन आपल्या बांधवांची. माती वाहिली वरच्याने, पाणी लागले खालच्याला. वरच्यास मजुरी मिळाली हे खरे, पण मजुरी खाऊन संपते आणि पाणी दरवर्षी पिकते.

उचल आणि हजेरीपट

आता आम्ही या लेखाच्या गाभ्याकडे येतो. मागेल त्यास काम देण्याचा कायदा असतानाही बीड जिल्ह्यातून लक्षावधी माणसे दरवर्षी ऊसतोडीस का जात राहिली? प्रवरेच्या काठी १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढील दोन दशकांत अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूंस कारखान्यांची रांग लागली. तेथे पाणी व ऊस होता, तोडणारे हात बालाघाटाच्या माळावर होते. बाहत्तरच्या दुष्काळाने ही वाट रुळली आणि पुढे ती मोडली नाही.

याचे कारण केवळ मजुरीच्या दरात शोधून चालणार नाही. ते मजुरीच्या वेळेत आहे. मृग निघाला की शेतकऱ्यास बी, खत व नांगरटीचे भाडे यांसाठी एकरकमी पैसा लागतो. त्यातच मुलांच्या शाळा उघडतात, उन्हाळ्यातील लग्नाचे देणे दारात उभे असते. हमीच्या कामाचा पैसा आधी काम, मग मोजमाप, मग हजेरीपट व त्यानंतर चुकारा, अशा क्रमाने आठवड्या-आठवड्याने, आणि अनेकदा पुष्कळ विलंबाने हाती पडतो. मुकादम मात्र पावसाळ्यातच घरी येतो आणि कामापूर्वी नोटा मोजून देतो. हीच उचल. हमीने कामाचे वचन दिले, मुकादमाने भांडवल दिले. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्यास वचनापेक्षा भांडवल अधिक निकडीचे वाटले, यात त्याचा दोष तो काय?

या उचलीची फेड मात्र शेताला करावी लागते. पतिपत्नीची जोडी मिळून एक ‘कोयता’ गणला जातो. ही जोडी दसरा-दिवाळीनंतर जाते ती गुढीपाडव्याच्या सुमारास, कधी त्याही नंतर परतते. म्हणजे रब्बीची ज्वारी ज्या महिन्यांत राखावयाची व काढावयाची, त्याच महिन्यांत घर बंद असते आणि शेत वृद्धांच्या हाती राहते. बांधबंदिस्ती, शेणखत, नांगरट ही कामे घाईने उरकली जातात किंवा राहूनच जातात. जमीन पिकत नाही म्हणून घर ओस पडते, आणि घर ओस पडते म्हणून जमीन पिकत नाही. तोडलेल्या उसाच्या हिशेबात उचल फिटली नाही तर बाकी पुढील हंगामावर चढते व पुढल्या वर्षीचा कोयता आधीच बांधला जातो.

स्त्रियांनी दिलेली किंमत तर लिहिताना लेखणी अडखळते. आजारपणात खाडा झाला तर तो हिशेबातून कापला जातो. या भीतीने व कित्येक ठिकाणी चुकीच्या वैद्यकीय सल्ल्याने तरुण स्त्रियांची गर्भाशये काढली गेली. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या काळात जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. सहा स्त्रियांमागे एकीहून अधिक असे हे प्रमाण आहे. हा आकडा दुसऱ्या कोणाच्या समाजाचा म्हणून वाचण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पाणी : स्वतःच्या शेतावरील काम

ज्या योजनांनी काम व पैसा शेतकऱ्याच्या स्वतःच्या बांधाच्या आत आणला, त्यांचा परिणाम निराळा झाला. १९९० साली फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडण्यात आली. आपल्याच शेतात खड्डे खणावे, झाडे लावावी, जगवावी आणि जगलेल्या झाडांच्या प्रमाणात पुढील वर्षांचे अनुदान घ्यावे, अशी तिची योजना होती. राज्यातील फळबागांचे क्षेत्र त्यानंतर लक्षावधी हेक्टरांनी वाढले. आपल्या बालाघाटाच्या उतारावर सीताफळ तर निसर्गतःच येते. बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हमीच्या निधीतून लहान शेतकऱ्यांस सिंचनविहिरी देण्याची योजना हीदेखील याच जातीची. मजुरी खर्च झाली, पण विहीर राहिली.

अंबाजोगाई येथे डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ साली स्थापन केलेल्या ‘मानवलोक’ संस्थेने लहान शेतकऱ्यांच्या शिवारात पाणी अडविण्याचे काम चालविले. २०१६ साली पानी फाउंडेशनच्या स्पर्धेसाठी राज्यातील जे पहिले तीन तालुके निवडले गेले त्यांत अंबाजोगाई एक होता, व त्या उन्हाळ्यात गावेच्या गावे श्रमदानास उतरली. सिंदफणेवरील माजलगावचे व मांजरेवरील धनेगावचे धरण यांनी खालच्या पट्ट्यास ओलित दिले, पण बालाघाटाच्या माथ्यावर धरणाचा पाट चढत नाही. तेथे नालाबंडिंग, शेततळे व विहीर हेच धरण होय.

येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. पाणी आले की ऊस लावण्याचा मोह होतो, आणि एकाच्या उसासाठी चारांच्या विहिरी कोरड्या पडतात. २०१३ व २०१९ साली याच जिल्ह्यात जनावरे चारा छावण्यांत बांधावी लागली, हे विसरता येत नाही. पाणी अडविण्याइतकेच ते वाटून घेण्याचे शिक्षण महत्त्वाचे आहे.

माफी, विमा आणि सन्मान

अलीकडील दोन दशकांतील उपायांविषयी थोडक्यात लिहितो. २००८, २०१७ व २०१९ साली कर्जमाफ्या झाल्या. त्यांनी बँकेचे कर्ज हलके केले, परंतु मुकादमाच्या वहीतील उचल कोणत्याच माफीत बसली नाही. ज्यास बँकेने कधी दारात उभे केले नाही, त्यास माफी तरी कशाची? २०२० च्या खरिपात पीकविम्याचा जो ‘बीड पॅटर्न’ प्रसिद्धीस आला, त्यात विमा कंपनीचा नफा व तोटा या दोहोंस मर्यादा घातली होती. भरपाई हप्त्याच्या ८० टक्क्यांहून कमी झाल्यास कंपनीने २० टक्के ठेवून उरलेली रक्कम राज्यास परत करावयाची, आणि ११० टक्क्यांहून अधिक झाल्यास वरचा भार राज्याने उचलावयाचा. हीच रीत पुढे राज्यभर स्वीकारली गेली. आपल्या अवर्षणग्रस्त जिल्ह्याचे नाव एका सुधारणेस लाभले, ही समाधानाची गोष्ट आहे.

२०१९ साली केंद्राने वर्षाला ६,००० रुपयांचा किसान सन्मान निधी सुरू केला. ही मदत सातबाऱ्यावरील नावास मिळते, शेतात राबणाऱ्या हातास आपोआप मिळत नाही. ज्या घरात वडील वारल्यानंतर वारसनोंदच झाली नाही, त्या घरची शेतकरीण राबत राहिली आणि योजना दारावरून पुढे गेली.

आपले कर्तव्य

या पाऊणशे वर्षांच्या इतिहासातून आम्ही जे शिकलो ते असे : जमिनीच्या हक्काने शेतकऱ्यास उभे केले, मजुरीच्या हमीने त्यास जगविले, आणि स्वतःच्या शेतातील पाण्याने त्यास घरी राहू दिले. मात्र मृगाच्या तोंडावर लागणारे थोडेसे भांडवल जोवर सन्मानाने मिळत नाही, तोवर उचल सुटत नाही. सरकारने काय करावे हे सांगणारे पुष्कळ आहेत. आपण काय करावे, तेवढेच आम्ही येथे सुचवितो.

पहिली गोष्ट, संस्थेने शिष्यवृत्तीनिधीप्रमाणेच एक पेरणीनिधी उभारावा. वैशाखात अल्पभूधारक बांधवांस बी-खतापुरती रक्कम बिनव्याजी द्यावी व सुगीनंतर परत घ्यावी. रक्कम लहान असेल, पण ती वेळेवर पोहोचेल, आणि वेळ हीच तिची खरी किंमत होय.

दुसरी गोष्ट शहरातील बांधवांसाठी आहे. सामाईक सातबाऱ्यावर विहिरीचा अर्ज करावयाचा तर सहहिस्सेदारांची संमती लागते. शहरातील भावाच्या एका सहीवाचून गावाकडील भावाची विहीर वर्षानुवर्षे अडून राहते. ही सही करण्यास पैसा लागत नाही. वारसनोंदीही याच वर्षी पूर्ण कराव्या, आणि त्यांत मुलींची व सुनांची नावे गाळू नयेत.

तिसरी गोष्ट मुलांची. हंगामात आईबापांबरोबर फडावर गेलेले मूल शाळेतून निसटते. सरकारी हंगामी वसतिगृहे ज्या गावी आहेत तेथे त्यांस साहाय्य करावे, आणि जेथे नाहीत तेथे आपल्या वसतिगृहातील काही जागा दिवाळी ते पाडवा या काळासाठी या मुलांकरिता राखून ठेवाव्या.

पूर्वी दुष्काळात ज्याच्या कणगीत धान्य असे, तो भाऊबंदांस पायलीभर देऊन मगच ताटावर बसे. आज आपली कणगी बँकेच्या पुस्तकात आहे, एवढाच फरक. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी या तीन सूचनांचा विचार करून निर्णय करावा, आणि पुढील स्मरणिकेत किती विहिरींच्या संमतिपत्रांवर सह्या झाल्या व किती कोयते घरी राहिले याची यादी गुणवंतांच्या नामावलीशेजारी छापली जावी, इतकी विनंती करून हा लेख पुरा करतो.